आमची हवा मोजल्याशिवाय आम्हाला ‘क’ श्रेणीत टाकू नका

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण, वन आणि हवामान बदल, भारत सरकार,
तसेच औष्णिक वीज केंद्रे चालवणाऱ्या सरकारी व खासगी कंपन्यांचे मा. अध्यक्ष आणि संचालक

विषय: गंधक-नियंत्रण यंत्रणेतून दिलेली सूट, राखेचे व्यवस्थापन आणि केंद्रांलगतच्या गावांत होत नसलेली मोजणी

सन्माननीय महोदय,

विदर्भातील एका औष्णिक वीज केंद्राच्या राख हाताळणी विभागात मी सव्वीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझे घर त्या केंद्राच्या चिमणीपासून सुमारे चार किलोमीटरवर आहे आणि माझे साडेतीन एकरांचे शेत राखेच्या तलावाच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच केंद्राच्या पगारावर माझी दोन्ही मुले शिकली आणि घराची स्लॅब पडली, त्यामुळे ते बंद व्हावे अशी माझी इच्छा नाही. केंद्राचे नाव मी या पत्रात लिहिलेले नाही, कारण मी मांडणार आहे त्या गोष्टी एका केंद्राच्या नाहीत. राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलतो तेव्हा गावाचे नाव तेवढे बदलते.

११ जुलै २०२५ रोजी आपल्या मंत्रालयाने काढलेली अधिसूचना हे या पत्राचे तातडीचे कारण आहे. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून घेणारी यंत्रणा, जिला आम्ही कामगार आणि अभियंते सगळेच ‘एफजीडी’ म्हणतो, ती बसवण्याच्या बंधनातून त्या दिवशी ‘क’ श्रेणीतील, म्हणजे मोठ्या किंवा प्रदूषित शहरांपासून दूर असलेल्या, केंद्रांना मोकळे करण्यात आले. देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रे या श्रेणीत येतात आणि आमचे केंद्र त्यांपैकी एक आहे. हे बंधन मुळात ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने घातले होते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. डिसेंबर २०१७ उजाडला तेव्हा ती मुदत २०२२ पर्यंत गेली. पुढे २०२१ मध्ये केंद्रांच्या अ, ब, क अशा श्रेण्या पाडून ती पुन्हा लांबवली गेली, २०२२ मध्ये आणखी एकदा, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणखी एकदा, आणि शेवटी मुदत संपण्याऐवजी बंधनच संपले. या काळात मी आधी नोकरीत होतो आणि नंतर गावात होतो. नोकरीत असताना ‘आता पुढच्या ओव्हरहॉलला (मोठ्या दुरुस्तीला) एफजीडीचे काम निघणार’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की शेवटी ते ऐकू येईनासे झाले. यंत्रणा बसवण्यासाठी देशभरात ५३७ युनिट (वीजनिर्मिती संच) निश्चित करण्यात आली होती. सूट जाहीर झाली तेव्हा दहाव्या हिश्श्याइतक्या युनिटांतही ती बसलेली नव्हती.

ज्या वाचकांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. एक हजार मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालले तर दिवसाला सुमारे पंधरा हजार टन कोळसा जळतो. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून थोडे कमी असते, ही गोष्ट खरी आहे आणि सूट देताना तिचा आधार घेतला जातो. पण गंधकाचे प्रमाण ०.४ टक्के धरले तरी पंधरा हजार टनांत ते साठ टन होते, आणि गंधक जळताना आपल्या वजनाइतकाच ऑक्सिजन ओढून घेत असल्यामुळे चिमणीतून रोज सुमारे १२० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. टक्केवारी लहान असली तरी ज्याच्यावर ती लावायची तो ढीग लहान नाही. हा वायू हवेत गेल्यावर वायूच राहत नाही, काही तासांत ते काही दिवसांत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते पीएम २.५ मध्ये, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांमध्ये, मोजले जातात. त्यामुळे बहुतेक शहरांत सल्फर डायऑक्साइडची पातळी मर्यादेत आहे असे सांगून हा प्रश्न मिटत नाही, कारण तोपर्यंत त्या वायूने रूप बदललेले असते आणि तो दुसऱ्याच रकान्यात नोंदला जात असतो.

आता माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार. ही श्रेणी ठरली कशी? दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून किंवा दिल्लीच्या राजधानी क्षेत्रापासून दहा किलोमीटरच्या आत असलेले केंद्र ‘अ’ श्रेणीत गेले. अतिप्रदूषित म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रापासून किंवा हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतले ‘ब’ मध्ये गेले. उरलेले सगळे ‘क’. म्हणजे केंद्र काय आणि किती जाळते, त्याची चिमणी काय ओकते, वारा कुठे वाहतो यांतले काहीही या वर्गवारीत नाही. शेजारी कोण राहतो एवढेच पाहिले गेले, आणि शेजारी पाच-सहा हजार वस्तीची दहा-बारा खेडी असतील तर शेजारी कोणी नाही असे धरले गेले. आमच्या गावातल्या शाळेच्या पटावर १८४ मुले आहेत. दहा लाखांच्या हिशेबात ती कुठेच बसत नाहीत हे मला कळते, पण त्यांच्या फुप्फुसांचा आकार शहरातल्या मुलांपेक्षा वेगळा नाही.

त्याहून गंभीर बाब अशी की आमची हवा मर्यादेत आहे किंवा नाही हे कोणालाही ठाऊक नाही, कारण ती मोजलीच जात नाही. माझ्या गावात किंवा वाऱ्याच्या दिशेने असलेल्या पुढच्या चार गावांत पीएम २.५ अखंड मोजणारे एकही यंत्र नाही. केंद्राच्या आवारात आणि अधिकाऱ्यांच्या वसाहतीत यंत्रे आहेत, पण ती वसाहत जागा निवडतानाच वाऱ्याच्या उलट बाजूला बांधलेली आहे. ती निवड योग्यच होती आणि ज्या अभियंत्यांनी ती केली त्यांना वाऱ्याचे शास्त्र माहीत होते. मग तेच शास्त्र यंत्र बसवताना का विसरले जाते? मी नोकरीभर दर तासाला आकडे लिहिले: हॉपरची (राख जमा होणाऱ्या कोठ्याची) पातळी, पंपाचा दाब, स्लरीचे (पाण्यात कालवलेल्या राखेचे) प्रमाण, तलावातील पाण्याची उंची. एखाद्या तासाचा रकाना कोरा राहिला तर पाळीप्रमुख सही करत नसे. कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा आम्हाला कधीही लावू दिला गेला नाही. आपल्या अधिसूचनेने मात्र आमच्या सगळ्या गावांचा कोरा रकाना ‘सर्व ठीक’ असा वाचला आहे, आणि हे मला मान्य नाही.

‘क’ श्रेणीला सूट देताना चिमणीच्या उंचीचे निकष पाळण्याची अट घातली आहे, याची मला कल्पना आहे. उंच चिमणी वायू दूर नेते, तो नाहीसा करत नाही. आमच्या डोक्यावरून गेलेले पुढच्या तालुक्यात उतरते, आणि दुसऱ्या कोणत्या तरी केंद्राचे आमच्याकडे.

ही यंत्रणा आपल्याकडे शक्य नाही असेही कोणी म्हणू नये. मुंबईत ट्रॉम्बेला ती कित्येक वर्षे आहे. डहाणूचे उदाहरण तर आपल्या मंत्रालयाच्याच कागदपत्रांत असेल. चिकूच्या बागांचा तो तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, त्या प्राधिकरणाने तिथले वीज केंद्र चालवणाऱ्या कंपनीची चालढकल ऐकून घेतली नाही, तिला बँक हमी भरायला लावण्यापर्यंत गोष्ट नेली, आणि २००७ मध्ये ५०० मेगावॉटच्या त्या केंद्राला समुद्राच्या पाण्यावर चालणारी गंधक-नियंत्रण यंत्रणा बसली. केंद्र बंद पडले नाही आणि मुंबईची वीजही गेली नाही. आमच्याकडे समुद्र नाही, चुनखडी आहे. वणी आणि चंद्रपूरच्या पट्ट्यात तिच्यावर सिमेंटचे मोठे कारखाने उभे आहेत. डहाणूपाशी आणि आमच्यापाशी फरक एवढाच की तिथे कोणीतरी ठाम बसून राहिले.

दुसरी तक्रार धुळीची आहे, आणि ती करताना मी माझ्या स्वतःच्या विभागाबद्दल लिहीत आहे. धुरातील राख पकडणारे ईएसपी हे यंत्र तत्त्वाने सोपे आहे: उच्च दाबाच्या विजेने कणांना भार द्यायचा, ते पत्र्यांना चिकटतात, हातोडे ठराविक वेळाने पत्र्यांवर आपटतात, राख खाली हॉपरमध्ये पडते आणि तिथून ओढून नेली जाते. ती वेळेवर ओढली नाही तर हॉपर भरतो, राख वर चढत इलेक्ट्रोडला टेकते आणि ते फील्ड, म्हणजे ईएसपीचा तो कप्पा, बंद पडते. गंधक कमी असलेल्या कोळशाची राख मुळातच नीट भार घेत नाही, त्यामुळे ती पकडणे आणखी कठीण जाते. म्हणजे ज्या कमी गंधकाच्या नावाने एका यंत्रणेतून सूट मिळाली, तेच कमी गंधक दुसऱ्या यंत्रणेचे काम अवघड करते. आता पुन्हा हिशेब पाहा. पंधरा हजार टन कोळशात ३५ टक्के राख धरली तर ती पाच हजार टनांहून अधिक होते आणि तिचा सुमारे चार पंचमांश भाग, म्हणजे चार हजार टनांहून अधिक, धुराबरोबर उडतो. ईएसपीने त्यातील ९९.९ टक्के पकडली तर दिवसाला चार टनांच्या आसपास बाहेर जाते. ९९ टक्के पकडली तर चाळीस टनांहून अधिक. कागदावर एक टक्काही न भरणारा हा फरक गावात दहापट होऊन येतो.

माझ्या पाळीत दोन फील्ड बंद असतानाही युनिट पूर्ण भाराने चालवल्याच्या रात्री मी पाहिल्या आहेत. भार कमी करण्याचा निर्णय माझा नव्हता, तरी त्या रात्री मी तिथे होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आल्यावर बायको ओल्या फडक्याने तुळशीचे एकेक पान पुसत बसलेली पाहिली, हे मी विसरलेलो नाही. आजही हिवाळ्यात पहाटे दव पडते आणि राख त्यावर बसते, तेव्हा पऱ्हाटीची पाने राखाडी दिसतात आणि फुटलेल्या बोंडातला कापूस वेचताना बायांच्या बोटांना काळसर वंगणासारखा लेप चढतो. मागच्या हंगामात दुसऱ्या वेचणीचा नऊ क्विंटल कापूस मी जिनिंगवर नेला. तिथल्या माणसाने मूठभर रुई ओढली, दोन बोटांत चोळली, बोटे माझ्यासमोर धरली आणि एक शब्दही न बोलता भाव कमी लिहिला. त्याने काही चूक केली असे मला म्हणवत नाही. पण ती काळी बोटे कोणत्याही पर्यावरण अहवालात आली नाहीत, आणि क्विंटलमागे जे पैसे कमी झाले ते कोणत्याही कंपनीच्या खर्चात नोंदले गेले नाहीत. कुटार आणि कडबा खाणाऱ्या जनावरांचे, राखेच्या थराखाली कोमेजणाऱ्या संत्र्याच्या आंबिया बहाराचे असेच आहे.

तिसरी तक्रार राखेच्या तलावाची, आणि मला तिचीच सर्वांत जास्त भीती वाटते. लोकांना तो तलाव वाटतो कारण वर पाणी दिसते. खाली पंचवीस-तीस वर्षांची साचलेली राख आहे, आणि जागा संपली की बांधाची उंची वाढवताना नवा बांध बऱ्याचदा आतल्या बाजूला, जुन्या राखेच्याच अंगावर चढवला जातो. असा बांध पाण्याच्या पातळीवर सतत लक्ष ठेवले, तळाशी झिरपणारे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्या मोकळ्या ठेवल्या आणि पावसाळ्यापूर्वी वरची मोकळी उंची, म्हणजे पाण्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंतचे अंतर, राखली तरच उभा राहतो. या तीनही गोष्टी माणसांनी पायी फिरून बघायच्या असतात. पूर्वी आमच्या विभागातले दोन जण प्रत्येक पाळीला बांधावरून चक्कर मारत. आता ते काम कंत्राटावर आहे आणि कंत्राटदाराचा एक मुलगा मोटारसायकलवरून वहीत सही करून जातो. त्याला मी दोष देत नाही. बांधातून निवळ पाणी झिरपले तर चालते आणि गढूळ झिरपू लागले तर धोका असतो, एवढेही त्याला कोणी शिकवलेले नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या शेताच्या धुऱ्यालगतच्या नाल्यात गढूळ, राखाडी पाणी आले तेव्हा मी स्वतः जाऊन सांगितले, संबंधित कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलेले नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यात सासन येथे राखेचा बांध फुटला आणि सहा माणसे वाहून गेली. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा बांध मुसळधार पावसात फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत आणि पुढे नदीपर्यंत गेला. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे असाच बांध खचला होता, म्हणजे श्रीमंत देशातही दुर्लक्ष झाले की हेच होते. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी होते. मला पावसाळ्यानंतरच्या चौकशीपेक्षा पावसाळ्यापूर्वीची तपासणी हवी आहे, आणि तिचा अहवाल माझ्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेला हवा आहे.

राखेचा वापर वाढला आहे हे मी मान्य करतो आणि त्यात आपल्या मंत्रालयाचा वाटा आहे. १९९९ पासून निघालेल्या अधिसूचना आणि विशेषतः ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना, जिने तीन वर्षांच्या चक्रात शंभर टक्के वापराचे, साचलेली जुनी राख दहा वर्षांत संपवण्याचे आणि न वापरलेल्या राखेसाठी टनाला १,००० रुपये भरण्याचे बंधन घातले, त्यांच्यामुळेच कंपन्या हलल्या. सिमेंटमध्ये, विटांमध्ये, महामार्गांच्या भरावात राख जाते ही चांगलीच गोष्ट आहे. माझे म्हणणे वापराच्या व्याख्येबद्दल आहे. फाटकावर वजनकाट्याची पावती फाटली की कंपनीच्या दृष्टीने राख ‘वापरली’ गेली. त्यानंतर पंचवीस टनांचे हायवा ट्रक, ताडपत्री अर्धवट ओढलेले, आमच्या गावच्या रस्त्याने दिवसरात्र पळतात. एक हजार मेगावॉटच्या केंद्राची एका दिवसाची राख न्यायची तर दोनशेहून अधिक फेऱ्या लागतात. काही गाड्या वीटभट्ट्यांवर पोचतात. काही जुन्या गिट्टी खाणीच्या खड्ड्यात, काही नाल्याच्या काठी, काही थेट कोणाच्या तरी पडीक जमिनीवर रिकाम्या होतात, आणि उन्हाळ्यात तिथून वारा सुटला की समोरचा माणूस दिसत नाही. शंभर टक्के वापराचा आकडा तेवढ्यामुळे खोटा ठरतो असे नाही, पण तो फाटकापर्यंतच खरा असतो. कोरडी उडती राख सिमेंटवाले सायलोखाली (राखेच्या उंच टाकीखाली) बल्कर (बंद टाकीचे ट्रक) लावून नेतात, ती अडत नाही. प्रश्न तळाच्या जाड राखेचा आणि तलावातल्या ओल्या राखेचा आहे, आणि टक्केवारीत दोन्ही एकत्र मोजल्यामुळे तो झाकला जातो.

पाण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते उघड आहे. राख वाहून नेणारे पाणी परत उपसून पुन्हा वापरायची सोय बहुतेक केंद्रांत आहे. पंप नादुरुस्त असले की ते पाणी ओढ्याला सुटते. राखेत आर्सेनिक, शिसे, पारा, फ्लोराइड अल्प प्रमाणात असतात, म्हणून तलावाभोवतालच्या विहिरींचे पाणी वर्षातून दोनदा तपासून निकाल विहीरमालकाला लेखी द्यावा, एवढी साधी गोष्टही होत नाही. माझ्या विहिरीचे नमुने दोनदा नेले. निकाल मला आजवर मिळालेला नाही.

कंपन्यांच्या अडचणी मला माहीत नाहीत असे कृपया समजू नये. एफजीडीला एका केंद्रासाठी शेकडो कोटी लागतात, ती जोडण्यासाठी युनिट बंद ठेवावे लागते, ती चालवायला वीज, पाणी आणि चुनखडी लागते, आणि तयार होणाऱ्या जिप्समची विल्हेवाट हे नवे काम मागे लागते. वितरण कंपन्यांकडून बिले वेळेवर येत नाहीत. कोळसा ज्या प्रतीचा सांगितला त्या प्रतीचा येत नाही, त्यात दगड येतात, आणि राखेचे प्रमाण वाढले की ईएसपीपासून तलावापर्यंत सगळ्यांवर ताण येतो. हे मी हातांनी उपसले आहे. उन्हाळ्यात मागणी शिगेला असताना युनिटचा भार कमी करायला सांगणारा अभियंता दुसऱ्या दिवशी कोणकोणत्या फोनना तोंड देतो हेही मी पाहिले आहे. पण २०१५ च्या मानकांचा भांडवली खर्च कायद्यातील बदल म्हणून वीजदरातून वसूल करण्याची वाट केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने मोकळी केली होती. म्हणजे प्रश्न पैसे कोणी द्यायचे हा होता, पैसे नसण्याचा नव्हता. ते वीजग्राहकांनी युनिटमागे काही पैसे म्हणून देणे, आणि मीही एक ग्राहक आहे, यात मला न्याय दिसतो. आज तेच पैसे मोजकी खेडी कमी झालेल्या भावातून आणि औषधांच्या चिठ्ठ्यांतून देत आहेत. विदर्भात जळलेल्या कोळशाची वीज मुंबई-पुण्यापर्यंत जाते याचे मला वाईट वाटत नाही, तिच्यासाठीच मी रात्रपाळ्या केल्या. राख मात्र सगळी इथेच राहते.

ज्या कंपन्यांनी मुदतीत यंत्रणा बसवली त्यांच्यावर या सुटीने अन्याय केला आहे, हेही नोंदवतो. त्यांनी खर्च केला, त्यांची वीज थोडी महाग झाली, आणि ज्यांनी दहा वर्षे वाट पाहिली त्यांची वीज स्वस्त राहिली. वीज स्वस्त ते महाग या क्रमाने घेतली जाते, हे संचालकांना मी सांगण्याची गरज नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. मंत्रालयाने ‘क’ श्रेणीची सरसकट सूट मागे घ्यावी. ते लगेच शक्य नसेल तर प्रत्येक केंद्राच्या वाऱ्याच्या दिशेने असलेल्या किमान तीन गावांत पीएम २.५ आणि सल्फर डायऑक्साइड अखंड मोजणारी यंत्रे कंपनीच्या खर्चाने, पण कंपनीच्या ताब्यात न देता, बसवावीत. त्यांचे पूर्ण एक वर्षाचे आकडे हाती आल्यावर केंद्रनिहाय जनसुनावणी घ्यावी, आणि सूट ठेवायची असेल तर त्या आकड्यांच्या आधारावर, लेखी कारणे देऊन ठेवावी. चिमणीवरील अखंड मोजणीचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातातच. ते त्याच वेळी ग्रामपंचायतीसमोरच्या फलकावर मराठीत दिसावेत, आणि ईएसपीची किती फील्ड चालू आहेत हेही त्यावर असावे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त फील्ड बंद असतील तर भार आपोआप कमी करण्याचा नियम संचालक मंडळांनी स्वतः करावा, म्हणजे तो निर्णय रात्रपाळीच्या एकट्या अभियंत्यावर राहणार नाही.

राखेच्या प्रत्येक बांधाची तपासणी दरवर्षी मेअखेरपर्यंत कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांकडून व्हावी, अहवाल ग्रामसभेत वाचला जावा, बांध फुटल्यास पाणी कुठवर येईल याचा नकाशा त्या वस्त्यांना द्यावा आणि बांधावरची गस्त प्रशिक्षित, कायम कामगारांकडे परत द्यावी. राखेचा हिशेब फाटकावर न थांबवता गाडी जिथे रिकामी होते तिथपर्यंत ठेवावा. गाडीवर जीपीएस असावे, उतरवल्याची नोंद घेणाऱ्याच्या सहीने व्हावी, आणि ज्या राखेची अशी नोंद नाही ती न वापरलेली धरून टनाला १,००० रुपये वसूल करावेत. उडती राख, तळाची राख आणि तलावातील राख यांची टक्केवारी वेगवेगळी छापावी. विहिरींच्या तपासणीचे निकाल महिन्याच्या आत विहीरमालकांना मिळावेत. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा कृषी विभागाने करावा आणि त्याची भरपाई कंपनीच्या चालू खर्चातून मिळावी. सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळेला बाके देऊन ती फिटत नाही.

या पत्राची प्रत आमच्या ग्रामपंचायतीने ठरावासह नोंदणीकृत टपालाने आपल्या कार्यालयाकडे आणि केंद्राच्या मुख्य अभियंत्यांकडे पाठवली आहे. राखेच्या तलावाची या वर्षीची मोकळी उंची किती राखली आहे, हा एक आकडा तरी आम्हाला पावसाळा सुरू होण्यापूर्वी लेखी कळवावा. तो मोजायला अर्धा तास लागतो; ते काम मी स्वतः अनेकदा केले आहे, आणि बोलावल्यास मोजपट्टी घेऊन आजही यायला तयार आहे.

आपला,
राख हाताळणी विभागातील एक निवृत्त तंत्रज्ञ आणि शेतकरी